जॉसचं तोंड

नोरीन शॉक्रॉसने आपल्या कुत्र्याला, जॉसला, सोडलं ते भिंत ओलांडण्यापुरतं. माळावरच्या त्या दगडी भिंतीच्या शिडीवर एका हातात पट्टा आणि दुसऱ्या हातात काठी धरून चढणं म्हणजे हाडं मोडून घेण्याचीच तयारी. म्हणून तिथे सगळेच कुत्र्याला सोडतात, पलीकडे उतरून पुन्हा पट्टा अडकवतात, आणि कुणी विचारलं तर सोडलंच नव्हतं म्हणून ठोकून देतात. एप्रिलमध्ये तर हमखास. मेंढ्या व्यायचे दिवस. मेंढीच्या मागे लागलेल्या कुत्र्याला मेंढपाळाने गोळी घातली तर इथला कायदाही त्याचीच बाजू घेतो.

त्या दिवशी नेमका भिंतीपलीकडून ससा उठला. जॉसने झेप घेतली आणि तो धुक्यात दिसेनासा झाला.

नोरीन हाका मारत वरच्या धरणाकडे धावली. साठीची बाई, हेदरच्या झुडपांत पाय अडकत होते, छाती भरून आली होती. माळावरच्या तिन्ही धरणांना रोज फेरी मारायची हा नवरा गेल्यापासूनचा तिचा नेम. खरं तर नेम जॉसचा. तो बूट तोंडात धरून दाराशी बसला नसता, तर बाई तो सबंध हिवाळा अंथरुणातून उठली नसती. त्याच्याशिवाय घरी परत जायचं, हा विचारही तिला सोसवेना.

मग जॉस आला. शेपूट हलवत, अगदी खुशीत, आणि मिशांपर्यंत लालभडक तोंड घेऊन.

ती त्याला ओरडली नाही, की तिने नीट पाहिलंही नाही. मानगूट धरून फरफटत धरणाच्या काठाशी नेलं, गळ्यातला स्कार्फ पाण्यात बुचकळला आणि तोंड, हिरड्या, दात सगळं घासून काढलं. रक्त गेलं. स्कार्फ तिने खिशात कोंबला, पट्टा अडकवला आणि वर पाहिलं, तर वॉल्टर ऑग्डन उतारावरून खाली येत होता. या माळावरच्या मेंढ्या त्याच्याच. हातात बंदूक होती.

"नोरीन, कुत्रं सुटलं होतं का गं?"

"छे. पट्टा हातातच होता."

"मग मघापासून हाका कुणाला मारत होतीस? धरणातल्या माशांना?"

नोरीनने पट्ट्याचा आणखी एक वेढा मनगटाला घेतला.

"वरच्या कुरणात माझ्या मेंढीचा गळा फाडलाय कुणीतरी. जिवंत आहे अजून, पण वाचायची नाही." वॉल्टरने वाकून जॉसच्या जबड्याखाली हात घातला. "अंग कोरडं, पाय कोरडे, आणि तोंड तेवढं ओलं. तोंड धुऊन शाळेला निघालाय का हा?"

"रक्त होतं," ती म्हणाली. "सुटला होता. शिडीपाशी."

"दातांत लोकर होती?"

नाही म्हणायला काय लागत होतं? बघणारं तिसरं कुणी नव्हतं. शब्द ओठांपर्यंत आलाही. पण वॉल्टर तिच्याकडे ज्या नजरेने बघत होता, त्या नजरेपुढे तो बाहेर पडेना.

"बघितलं नाही मी. बघायची भीती वाटली."

वॉल्टरने जॉसचा जबडा सोडला. "नाही म्हणाली असतीस, तर इथंच आडवा केला असता याला. पुन्हा खोटंच बोलतेस असं धरलं असतं मी. चल गोठ्यावर."

गोठ्याच्या अंगणात त्याने बंदूक भिंतीला टेकवली. काडतुसं काढली नाहीत. आतून धुण्याच्या सोड्याचा खडा आणला, जॉसचा जबडा उघडून घशात सारला आणि तोंड मिटून धरलं. गळा हलला तसा हात काढला.

"आता पोटात काय आहे ते बाहेर येईल. मेंढीचा गळा फाडणाऱ्या कुत्र्याच्या पोटात लोकर जातेच. लोकर निघाली, तर पट्टा माझ्याकडे द्यायचा आणि तू गाडीरस्त्याला लागायचं. मागे बघायचं नाही."

"मी धरीन त्याला," नोरीन म्हणाली. "गोळी घालशील तेव्हा माझ्याजवळच असू दे."

जॉस तिचा हात चाटत होता. मग थांबला. पोट आत ओढलं गेलं, मान खाली गेली, पाठ वाकली. नोरीन त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसली. देवाचं नाव तिला त्या क्षणी आठवेना, नवऱ्याचं आठवलं, तेच ती पुटपुटत राहिली. फरशीवर सगळं भडाभडा पडलं.

वॉल्टरने काठीने पसरून पाहिलं. गुलाबी, बुळबुळीत पडद्यासारखं काहीतरी काठीला लोंबत वर आलं. त्याने उरलेलं दुसऱ्यांदा पसरून पाहिलं.

"वार आहे, कोकरामागून पडते ती," तो म्हणाला. "कुठलीतरी मेंढी व्यायली आणि या राजेश्रींनी आयती मेजवानी झोडली. लोकरीचा एक धागा नाही."

नोरीनने जॉसच्या मानेत तोंड खुपसलं आणि ती रडायला लागली.

"धुतलं नसतंस, तर तिथल्या तिथंच कळलं असतं. वारेचा चिकटा मिशांना राहतो." वॉल्टरने बंदूक उचलली. "इथं तुझ्यापायी खोळंबलो, आणि ज्यानं मेंढी फाडली तो अजून वर मोकळा हिंडतोय."

"वॉल्टर, मी—"

"जा घेऊन त्याला. तुमच्या दोघांत एकजण तरी खरा निघाला."

त्याने जॉसच्या डोक्यावर एकदा हात फिरवला आणि तिच्याकडे न बघता तो कुरणाकडे चालू लागला.