तिसऱ्या रिळातला किसन

सत्तावीस साली राजापेठेत केशवरावांचा सिनेमाचा तंबू लागला आणि त्यात मोठ्या लढाईचं मुकं चित्र आलं. पडद्यावरची अक्षरं इंग्रजी. म्हणून छडी घेऊन, बाजूला उभं राहून सगळं ओरडून सांगायला एक माणूस लागे. केशवरावांनी मोर्शीचा देवीदास माळी धरला. तो त्याच लढाईत तुर्कांविरुद्ध बसऱ्याला खेचरांच्या पलटणीत तीन वर्षं काढून आला होता आणि तसं जाहिरातीत छापता येत होतं.

घोटाळा एवढाच, की देवीदासला खोटं बोलता येत नसे. त्याच्याबरोबर गेलेला किसन हगवणीनं मेला, हे त्याने परतल्या दिवशीच किसनच्या बायकोला, पार्बताबाईला, भर चावडीसमोर सांगून टाकलं. तेव्हापासून आठ वर्षं गाव तिला 'हगवणवाल्याची' म्हणे.

पहिल्याच खेळाला देवीदासने छडी उचलली. "हे सारं झूट हाये. आमी एवढे कधी पळालोच नाही. दिवसभर माशा हाकलत बसलो होतो. अन् हे खेचर नोहे, गाढव हाये."

"अबे, लढाई सांग!" मागून कोणी ओरडलं. "माशा आमच्या घरी बी हायेत!"

केशवराव कनातीआडून हात जोडत होते.

तिसरं रीळ लागलं, तेव्हा बायकांच्या बाजूने आवाज आला. "देवीदासभाऊजी, यात आमचे कुठी हायेत?"

पार्बताबाई. चार शेजारणींबरोबर मोर्शीहून बैलगाडीने आली होती.

पडद्यावर एक मिशाळ शिपाई निशाण घेऊन एकटाच तोफेवर धावत होता. बसऱ्यात कोणी असं केलं असतं, तर तुर्कांच्या आधी सुभेदाराने त्याला हाणला असता. देवीदासने छडी त्याच्यावर टेकवली.

"हा पाहा, वयनी. निशाणवाला."

निशाणवाला पडला. टाळ्या झाल्या. पार्बताबाईने पदर तोंडाला लावला. शेजारी बसलेल्या जमुनाने तिच्या पाठीवर हात ठेवला. हगवणवाल्याची हे नाव जमुनानेच पाडलं होतं.

चौथ्या रिळात तोच मिशाळ तुर्की टोपी घालून पुन्हा हजर झाला. कंपनीकडे माणसं कमी असावीत.

"भाऊजी, हे आता तिकडून काहून गोळ्या मारून रायले?"

देवीदासने घसा खाकरला. "हे मराच्या आधीचं हाये, वयनी. भेद काढाले तुर्कांत घुसला होता. नीट पाहा, त्याची एक गोळी कोणाले लागून नाही रायली."

खरंच कोणी पडत नव्हतं. तंबू दुप्पट टाळ्यांनी दणाणला आणि केशवरावांनी हात सोडले.

सकाळी गाडी जुंपताना पार्बताबाई हळूच म्हणाली, "मंग भाऊजी, हगवण कोनाले लागली होती?"

गाडीत चढणारी जमुना एक पाय चाकावर ठेवून थांबली.

"मले," देवीदास म्हणाला. "वाचलो."

तंबूबरोबर तो महिनाभर फिरला. मोर्शीत त्याच्या हगवणीची बातमी त्याच्या आधी पोचली होती.