जिन्याखालच्या खोलीतले मिस्टर सटक्लिफ

शनिवारी दुपारी पाहुण्यांची मिनीबस घाट चढून गावात आली, तेव्हा ब्रायनी दारात हसत उभी होती. हसणं हा तिच्या नोकरीचाच भाग होता. आल्प्समधल्या त्या फ्रेंच गावात सहा पाहुण्यांचं एक शॅले, म्हणजे डोंगरातलं लाकडी घर, हिवाळाभर तिच्या एकटीच्या अंगावर होतं. सकाळची न्याहारी, मग झाडलोट, पाहुणे स्कीइंग करून परतले की चहा आणि ताजा केक, आणि रात्रीचं साग्रसंगीत जेवण. या आठवड्याला फेनविक कुटुंबातले पाच जण येणार होते. जिन्याखालची अरुंद खोली कुणा एकट्या गृहस्थांनी आयत्या वेळी घेतली, एवढंच कंपनीनं तिला कळवलं होतं.

फेनविक मंडळी उतरली. त्यांच्यामागून, लग्नाकार्यातला करडा कोट घातलेले आणि पायानं पायरी चाचपणारे तिचे बाबा उतरले.

"सटक्लिफ," बाबांनी हात पुढं केला. "हॅलिफॅक्सहून आलो. जिन्याखालची खोली माझी."

ब्रायनीनं तो हात हातात घेतला. "या, मिस्टर सटक्लिफ," ती कशीबशी म्हणाली. "प्रवास बरा झाला ना तुमचा?"

"ड्रायव्हर बरा होता, मिस. वळणावर गिअर जरा उशिरा टाकतो." एवढं बोलून ते बॅग घेऊन आत गेले. हॅलिफॅक्समध्ये त्यांनी जन्मभर बस चालवली होती.

सगळे आपापल्या खोल्यांत गेल्यावर ते स्वयंपाकघराच्या दारात आले. तिनं त्यांना आत ओढलं आणि दार लावलं.

"बाबा! तू इथं काय करतोयस?"

"सुट्टीवर आलोय. माणसानं सुट्टी घेऊ नये का?"

"आपल्या गल्लीत दोन बोटं बर्फ पडलं तरी तू नगरपालिकेच्या नावानं ओरडतोस."

"तिथलं बर्फ घाणेरडं असतं. हे बरं दिसतंय."

"आणि हे पाव्हण्यासारखं नाटक कशाला?"

"तुझी नोकरी आहे इथं. लोक म्हणायचे, बाप येऊन बसलाय, आता सगळे चांगले बटाटे त्याच्याच ताटात जाणार." मग तिच्याकडं नीट बघून ते म्हणाले, "बारीक झालीस गं."

आई जाऊन वर्ष होत आलं होतं. आई गेल्यावर ब्रायनी त्या घरात उन्हाळाभर कशीबशी राहिली. आईची चप्पल दाराशी, आईचा चष्मा खिडकीत. बाबा काही हलवत नव्हते आणि तिलाही हलवू देत नव्हते. थंडी सुरू झाली तशी तिनं ही नोकरी धरली आणि निघून आली. भांडण काही झालं नव्हतं, आणि तेच वाईट होतं. दर रविवारी फोनवर दोघं हवामानावर बोलायचे.

फेनविक मंडळी सकाळी स्की खांद्यावर टाकून बाहेर पडत. बाबा मात्र मागं राहत आणि बाह्या सरसावून भांडी घासायला लागत. "पाहुण्यानं भांडी घासायची नसतात," ती म्हणे. "मग तू पाठ फिरव," ते म्हणत. तिच्याआधी उठून ओटची लापशी ढवळत बसत. बोलणं बेताचंच व्हायचं. शेजारीण कुत्र्याला कशी लाडावते, सतरा नंबरच्या बसचा मार्ग कसा बदलला. आईचं नाव दोघांपैकी कुणी घेत नव्हतं. हा माणूस कशासाठी आलाय हे ब्रायनीला ठाऊक होतं. परत न्यायला आलाय, आज नाही तर उद्या विचारेल. काय उत्तर द्यायचं, ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

मिसेस फेनविकच्या जिभेला धार होती. सोमवारी केक मधोमध खचला. इतक्या उंचीवर तो नीट फुगायचा नाहीच. बाईंनी सुरीच्या टोकानं तो दाबून पाहिला. "हा केक आहे की उशी?" बाबांनी दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा रुमालात बांधून घेतला.

मंगळवारी रात्री मटण चिवट झालं. ब्रायनी दिवसभर धावत होती, तळघरात पाण्याचा नळ गोठला होता, आणि भांडं आचेवर चढवायला उशीर झाला होता. बाईंनी काटा खाली ठेवला.

"मिस, हे चावायला दात दुसऱ्याचे आणावे लागतील. तुम्हाला स्वयंपाक शिकवला तरी कुणी?"

ब्रायनीचा चेहरा उतरला. ती काही बोलणार, एवढ्यात टेबलाच्या टोकाकडून आवाज आला.

"तिच्या आईनं." बाबा उभे राहिले होते. "माझ्या बायकोनं शिकवलं. डोरीन तिचं नाव. तिचंही मटण कधीकधी चिवट व्हायचं, बाई, आणि आम्ही ते हसत खायचो. माझी पोर सकाळपासून उभी आहे. नळ गोठला होता, तुमच्या अंघोळीला गरम पाणी मिळावं म्हणून ती तळघरात गुडघ्यावर बसली होती." मग आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं. ते मटकन खाली बसले. "माफ करा. जेवा तुम्ही."

ब्रायनीनं हातातली डिश टेबलावर ठेवली. वर्षभरात त्यांच्या तोंडून आईचं नाव तिनं पहिल्यांदाच ऐकलं.

मिसेस फेनविकनी काटा पुन्हा उचलला. मग त्या म्हणाल्या, "मिस्टर सटक्लिफ, तुम्ही चार दिवस मुलीला 'मिस' म्हणताय आणि ती तुम्हाला 'तुम्ही' म्हणतेय? काय बाई माणसं!" त्यांनी एक मोठा घास तोंडात घातला आणि चावत राहिल्या. "मला तिकडचं मीठ द्या. आणि उद्या आमचा केक आम्ही वर डोंगरावर खाऊ. तुम्ही दोघं कुठंतरी जा. घरात दिसलात तर मी तक्रार करीन."

दुसऱ्या दिवशी ब्रायनी बाबांना शिकाऊ पोरांच्या उतारावर घेऊन गेली. उसने बूट, उसनी टोपी. चार-पाच वर्षांची फ्रेंच मुलं त्यांच्या बाजूनं सर्रकन जात होती.

"गुडघे वाकव. स्कीची टोकं आत घे. आता ब्रेक लाव!"

"ब्रेक आहे कुठं या भानगडीला?"

ते बुडावर आपटले. उठले, पुन्हा आपटले. तिसऱ्या वेळी ते उताणे पडूनच राहिले, आणि ब्रायनी इतकी हसली की तीही तोल जाऊन त्यांच्या शेजारी पडली. दोघं आभाळाकडं बघत पडून राहिली.

"मी तुला न्यायला आलो होतो," बाबा म्हणाले. "विमानात बसून सगळं ठरवलं होतं, काय बोलायचं ते."

"मग बोलला का नाहीस?"

"पहिल्याच रात्री तू स्वयंपाकघरात एकटीच गुणगुणत होतीस. मला जिन्याखाली ऐकू आलं. मग म्हटलं, हिला इथं काहीतरी सापडलंय, ते कशाला हिसकावून घ्यायचं."

ब्रायनीनं हातमोज्यानं डोळे पुसले. बर्फानं ते आणखीच ओले झाले.

"मी पळून आले, बाबा. तुला एकट्याला टाकून आले."

"आलीस ते बरं केलंस. दोघंही त्या घरात बसून राहिलो असतो तर दोघंही गेलो असतो." मग ते म्हणाले, "पण तिचं कपाट मला एकट्याला उघडवत नाही गं. दार उघडलं की तिचा वास येतो."

"एप्रिलमध्ये मी येते. दोघं मिळून उघडू. आणि वास येतो तर येऊ दे की, रडू जरा."

"रडायचं?"

"हो. मोठ्यानं."

"शेजारीण काय म्हणेल?"

"म्हणू दे. तिचं कुत्रं काय कमी ओरडतं?"

ते हसले, आणि हसता हसता तिथंच रडायलाही लागले. एक चिमुरडी स्की थांबवून बघत राहिली. तिनं फ्रेंचमध्ये काही विचारलं. "काही नाही गं," ब्रायनीनं तिला सांगितलं, "माझे बाबा आहेत. आज पहिल्यांदाच शिकताहेत."

शनिवारी मिनीबस आली. मिसेस फेनविकनी ब्रायनीच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि बाबांना खिडकीजवळची जागा दिली. त्यांनी ती नाकारली आणि ड्रायव्हरच्या बरोब्बर मागं बसले. गाडी सुटेपर्यंत ते त्याला काहीतरी समजावत होते, आणि त्याला इंग्रजी बहुधा येत नव्हतं.

एप्रिलमध्ये ब्रायनी घरी गेली. कपाट रिकामं करायला त्यांना तीन रविवार लागले, कारण प्रत्येक कपड्यापाशी कुणीतरी एक गोष्ट सांगायला बसायचं. दाराशी आता एकट्या बाबांचीच चप्पल असते. पुढच्या हिवाळ्यात ती पुन्हा डोंगरात गेली, आणि फेब्रुवारीसाठी जिन्याखालची खोली बाबांनी आधीच सांगून ठेवली.