तीनदा आलेली मरळ

केरूकाकाचा उजवा हात गेल्या दिवाळीत गेला. म्हणजे आहे जागेवरच, खांद्याला लटकून, पण त्यात जीव नाही. आमच्या तळ्यावर चाळीस वर्षं गरी टाकून मरळ मासे धरणारा माणूस आता पडवीत बसून डाव्या हाताने माश्या हाकतो. ते बघून माझं डोकं फिरतं. कुणावर फिरतं म्हणाल, तर जो समोर येईल त्याच्यावर.

मरळ जिवंत बेडकावर येते. बेडूक गरीला लावायचा तर दोन हात लागतात, एकाने धरायचा आणि दुसऱ्याने टोचायचा. "मी लावून देतो," म्हटलं तर काका म्हणाला, "दुसऱ्यानं चावलेला घास मी खात नाय."

मग मी रबराचा बेडूक आणला. मिरजोळ्याच्या कंपनीत माझ्याबरोबर पॅकिंगला असलेल्या एकाने मोबाईलवर दाखवला होता. गरी त्याच्या पोटातच असते, काही लावावं लागत नाही. दांडा बगलेत दाबायचा, फेकायचा आणि एका हाताने रीळ फिरवायचं. काकाने तो बेडूक उलटापालटा करून बघितला. त्याचे रबरी पाय ओढून बघितले.

"आधी तू धरून दाखव," म्हणाला. "ह्याच्यावर एक मरळ आलेली बघितली, की दांडा हातात घेतंव."

एवढंच हवं होतं मला. मला वाटलं आठवड्याचं काम आहे. दोन महिने गेले.

मोबाईलवरच्या व्हिडिओत एक टोपीवाला हसत हसत मासे काढतो, त्याच्या नावाने मी रोज बोटं मोडली. शेवाळावर बेडूक टाकायचा, तुटक तुटक ओढायचा. मरळ खालून येते, फाडकन पाणी उडतं. तेव्हा थांबायचं असतं. तिने तोंड मिटेपर्यंत, एक-दोन म्हणण्याइतकं. ते मला जमेना. पाणी उडालं की माझा हात झटका देऊन मोकळा, आणि बेडूक माझ्याच कपाळावर. एकदा हुकली की ती मरळ त्या दिवशी परत तोंड दाखवत नसे. काकाने लहानपणापासून सांगितलं होतं, तुझ्या हाताला धीर नाय. धीर काय बाजारात मिळतो?

त्यात तळ्यावर म्हशी धुवायला येणारा धोंडू. रोज विचारायचा, "सर्वेश, आज बेडकाला पोहायला आणलंस काय?" दातओठ खात मी बेडूक परत फेकायचो. घरी गेलो की काका नुसता माझ्या हातांकडे बघायचा, रिकाम्या.

आषाढातल्या एका रविवारी तळ्याच्या वरच्या अंगाला पाणी खदखदताना दिसलं. जवळ जाऊन बघितलं तर पिल्लं. लाल, बोटाच्या पेराएवढी, शे-दोनशे, एका घोळक्यात वर येऊन श्वास घेत होती. त्यांच्या खाली मरळ असते, राखणीला. पोरं असलेली मरळ आमच्या गावात कुणी धरत नाही. हे मला कुणी सांगायला नको होतं. पण मागून धोंडूचं खोकणं ऐकू आलं आणि माझा हात उचलला गेला.

बेडूक घोळक्याच्या मधोमध पडला. पाणी फुटलं. मी झटका दिला, हुकली. परत टाकला. परत आली, परत हुकली. तिसऱ्यांदा आली ती इतक्या जोरात, की माझ्या झटक्याच्या आधीच तिने बेडूक घशात घेतला होता. दोन किलोची असेल. गोणत्यात घालून मी धोंडूच्या समोरून मुद्दाम सावकाश चालत गेलो.

मरळ पाण्याबाहेर बराच वेळ जगते. घरी आलो तेव्हा गोणत्यात धडपडत होती. चिमाकाकूने तिला बादलीत टाकून चुलीतली राख आणली, साफ करताना हातातून सुटू नये म्हणून. काका भिंत धरून उठला. आठ महिन्यांत पहिल्यांदा हसला. "दांडा आण," म्हणाला. डाव्या हाताने त्याने दांडा धरला, बगलेत दाबला, रीळ फिरवून बघितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि मी शहाणा बोलून गेलो, "दोनदा हुकली, काका. पण तीनदा आली."

रीळ थांबलं.

"तीनदा?"

"हो."

"भुकेली मरळ एकदा फसली की परत येत नाय," काका म्हणाला. "पोरं व्हती?"

"नव्हती."

काकाने दांडा खाली टाकला. "ती भुकेनं नाय आली. रागानं आली. आणि तू तिच्या रागावर गरी टाकलीस."

माझं पित्त खवळलं. "तुमच्यासाठीच केलं ना? दोन महिने लोकांचं ऐकून घेतलं ते कुणासाठी? स्वतःच्या हौसेसाठी?"

"मरळीत पोरं बाप राखतो," काका शांतपणे म्हणाला. माझा बाप मुंबईला गेला तो परत आला नाही. मी चार वर्षांचा होतो, तेव्हापासून मला काकानेच राखलं.

मी बादली उचलली. काकू राखेची वाटी घेऊन तशीच उभी राहिली. वाटभर मी शिव्या देत होतो, धोंडूला, टोपीवाल्याला, स्वतःला सगळ्यांत जास्त. तळ्यावर खंड्या तारेवर बसला होता आणि दर थोड्या वेळाने पाण्यात सूर मारत होता. मी दगड मारून त्याला हाकलला. गुडघाभर पाण्यात शिरलो आणि बादली आडवी केली. मरळ गेली. घोळका कुठे दिसेना. मी तसाच उभा राहिलो. मला वाटलं, संपलं सगळं.

मग गवताच्या कडेला पाणी खदखदलं, सकाळपेक्षा पुष्कळ कमी. ते माझ्या पायाजवळ सरकत आलं आणि अंगठ्यावर फाडकन धडक बसली. दात लागले. मी पाय काढला नाही. परत बसली. परत बसली. मग पिल्लं पुढे निघून गेली.

घरी आलो तेव्हा काका पडवीतच होता. माझ्या पायाकडे बघितलं.

"रक्त कशानं?"

"त्याच मरळीनं."

"किती येळा?"

"तीनदा."

"मग हायत पोरं अजून," काका म्हणाला, आणि पायाने दांडा जवळ ओढून घेऊन डाव्या हाताने त्याला लागलेला चिखल पुसू लागला.