नव्या भाताची पायली

या, असे जवळ सरकून बसा. मृदंग उतरवून ठेवलाय, आरतीला अजून अवकाश आहे, तेवढ्यात एक गोष्ट ऐका. गोड नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे मागाहून कुणी रुसायला नको.

वळ गावाच्या खाडीलगत बांधावर धाकलीचं घर होतं. कुडाच्या भिंती, वर कौलं, मागे भाताचा एक तुकडा आणि काकडी-दुधीचे वेल. जमीन रामनाथ आगऱ्याची. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून धाकलीच्या नवऱ्याने, नवशाने, बांध राखायचा आणि तिथेच राहायचं, असं पस्तीस वर्षांपूर्वी ठरलं. कागद नाही, अंगठा नाही. रामनाथ 'राहा' म्हणाला आणि ती दोघं राहिली.

रामनाथला पाठची बहीण नव्हती. भाऊबीजेला धाकली नव्या भाताची पायली टोपलीत घालून त्याच्या घरी जायची, त्याला ओवाळायची. त्याची बायको राहीबाई ते भात देवापुढे ठेवायची आणि धाकलीला लुगडं द्यायची. मुलगा भावेश तिला आत्या म्हणे. सप्ताहात मांडवाच्या दोरीबाहेर उभ्या असलेल्या धाकलीला रामनाथने हाताला धरून आत आणलं होतं, राहीबाईशेजारी बसवलं होतं. त्या दिवशी बुवा म्हणाले होते की मायेने दिलेल्याला मोल लावलं तर देव ताटावरून उठून जातो. बाकीचं निरूपण धाकलीच्या डोक्यावरून गेलं, एवढं मात्र काळजात बसलं.

नवशा गेला. मागोमाग रामनाथही गेला. शेतांवर मुरूम पडला, गोडाऊनं उभी राहिली. दोन हजार सहा साली भावेश धाकलीच्या ओट्यावर बसून चहा प्यायला आणि कपात बघतच म्हणाला, "आत्या, जागा मोकळी करावी लागंल. कोन गावात खोली बघून देतो."

धाकलीचा जावई विवेक गोडाऊनात हमाली करी. तो तिला भिवंडीत वकिलाकडे घेऊन गेला. वकिलाने बोटांवर मोजत समजावलं. जमिनीबद्दल काही देत असाल तर तुम्ही कूळ, आणि कुळाला कुणी सहज उठवू शकत नाही. काहीच देत नसाल तर ती नुसती परवानगी. कायदा तिला लायसन म्हणतो. देणाऱ्याच्या मर्जीवर ती जगते, त्याने मागे घेतली की संपली. विवेकला लगेच भाताची पायली आठवली. "आई, ते भात म्हंजे खंड. जमिनीचा खंड. एवढंच बोलायचं," असं त्याने रस्ताभर घोकवून घेतलं. धाकलीने मान डोलावली.

तहसील कचेरीत सुनावणी लागली. भावेशने राहीबाईलाही आणलं होतं. ती बाकावर पदर सावरून खाली बघत बसली होती. तहसीलदारांनी विचारलं तेव्हा धाकली शिकवल्यासारखं बोलली, दरसाल एक पायली भात दिलं. विवेकचा जीव भांड्यात पडला.

मग भावेशचा वकील उठला. आवाज अगदी मऊ. "आजी, रामनाथ तुमचे कोण?"

"भाऊ."

"मग भाऊबीजेला भावाला खंड नेत होता?"

विवेक खाकरला. धाकलीने राहीबाईकडे पाहिलं. राहीबाईने मान वर केली नाही. खंड म्हणावं तर दादा नुसता मालक ठरत होता, ओवाळणं म्हणजे भाडं, आणि मांडवात धरलेला तो हातही खोटा. तहसीलदार माणूस वाईट नव्हता. त्याने दोनदा सांगितलं, बाई, नीट आठवून बोला.

"आठवायचं काय, साहेब," धाकली म्हणाली. "खंड न्हाय तो. बहिनीनं भावाच्या घरी नवं भात नेलं. मायेचं हाय ते."

कारकुनाने लिहून घेतलं, वाचून दाखवलं, तिने अंगठा दिला. महिन्याने निकाल आला. मयत रामनाथ यांच्या परवानगीने, विनामोबदला वास्तव्य. परवानगी देणारा राहिला नाही, वारस द्यायला तयार नाही. कायद्याच्या कागदात मायेला रकाना नसतो.

सुनावणीच्याच दिवशी जिन्यात राहीबाईने तिचा हात धरला होता. "धाकले, तू खंड म्हनली असतीस तरी मी न्हाय म्हनले नसते."

"न्हाय म्हनली नसतीस," धाकली म्हणाली, "पन हो बी म्हनली न्हाईस, वयनी."

खालून भावेशने गाडीचा हॉर्न वाजवला आणि राहीबाई पायऱ्या उतरून गेली.

घर एका सकाळीत गेलं. तिथे गोडाऊन झालं. ते भावेशने कंपनीला दिलं तेही पक्क्या लायसनच्या कागदावर, मुदत घालून, शिक्का मारून, म्हणजे उद्या कंपनीने कूळ असल्याचा दावा लावायला नको. धाकलीच्या प्रकरणात तो शहाणा झाला होता.

त्या दिवाळीत धाकली कोनच्या खोलीत होती. मुलीने, मनिषाने, सासरच्या शेतातलं नवं भात आणून दिलं. भाऊबीजेला भावेशचा ड्रायव्हर लुगडं घेऊन दारात आला. म्हणाला, शेठनी आत्यासाठी पाठवलंय.

धाकलीने हात पुढे केला नाही. "ह्ये कशाबद्दल, त्ये कागदावर लिवून आन म्हनावं."

ड्रायव्हर गेला. मग तिने ते भात शिजवलं आणि दुसऱ्या कुणाच्या देवापुढे न ठेवता, जन्मात पहिल्यांदा, पहिला घास स्वतः खाल्ला. तिला तो गोड लागला नाही.

चला, आरतीची वेळ झाली. एक मागणं आहे मंडळी. यंदा घरात नवं भात शिजेल तेव्हा पहिल्या घासाला धाकलीची आठवण काढा.