तार्मोच्या खांद्यावरचं जेल

घरच्या सौनाच्या, वाफेच्या न्हाणीच्या, खोलीतून बाहेर आल्यावर पिह्लाला टॉवेलने पुसताना एरिकाचा हात थबकला. तीन वर्षांच्या पोरीच्या काखेत राठ, काळे केस! घामाला वासही मोठ्या माणसासारखा. कपाळावर फोड आले होते, ते उन्हाचे असतील म्हणून तिने सोडून दिले होते.

"आई, गुदगुल्या!" पिह्ला खिदळली.

एरिका औलू शहरातल्या आरोग्य केंद्रात नर्स होती आणि नर्सला नको ते आधी सुचतं. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ झाली की लहान मुलांना असं होतं. या घराला गाठ नवी नव्हती. पिह्ला पोटात असतानाच नवऱ्याच्या, तार्मोच्या मेंदूतल्या ग्रंथीची गाठ काढली होती. तेव्हापासून त्याच्या शरीरात पुरुषी हार्मोन तयार होत नव्हतं. त्या हार्मोनचं जेल तो रोज खांद्यांना चोळायचा.

"तुला शिंकेतसुद्धा न्यूमोनिया दिसतो," तार्मो म्हणाला. पण त्याचा चेहरा उतरला होता. "माझ्यामुळे असेल का गं? माझ्या रक्तातून?"

"गप्प बस हं, तार्मो."

इस्पितळात सोनोग्राफी होईपर्यंत एरिका पडद्यावरच्या प्रत्येक काळ्या ठिपक्याकडे बघत राहिली.

"गाठ कुठेच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण रक्तात टेस्टोस्टेरॉन, पुरुषी हार्मोन, भलतंच वाढलंय. घरात कुणी हार्मोनचं जेल लावतं का?"

केंद्रातल्या पेशंटांना एरिका स्वतःच बजावायची: लावल्यावर हात साबणाने धुवा, वाळू द्या, वरून कपडा घाला, पोराबाळांच्या अंगाला लागू देऊ नका. आणि घरी? सौना झाला की तार्मो जेल लावून उघडाच पलंगावर पडायचा, पिह्ला त्याच्या खांद्यावर गाल टेकून झोपायची आणि एरिका दोघांवर मिळून पांघरूण घालायची.

"मी लावतो," तार्मो पुटपुटला. "म्हणजे पोरीच्या अंगात ते मीच घातलं?"

"जेल आजच बंद करा," बाई म्हणाल्या. "बाकीचं ओसरेल. हाडं वयाच्या पुढे गेलीत का, ते मात्र बघावं लागेल."

ओसरेल म्हणजे किती? एरिकाला विचारायचा धीर झाला नाही. एक्स-रेत हाडं वर्षभर पुढे निघाली. उंची लवकर खुंटेल का, हे एवढ्यात सांगता येत नाही, असं उत्तर मिळालं.

घरी तार्मो पोरीला हात लावीना. पिह्लाने हात पसरले की तो मागे सरायचा. "बाबा रागावलाय," ती रडत आईला सांगायची. शेवटी एरिकाच कडाडली, "अरे, जेल कधीच धुऊन गेलंय! आता कशाला रडवतोस तिला?" तेव्हा कुठे त्याने तिला उचललं, तेही जाड स्वेटर घालून.

नंतरच्या तपासणीत पिह्लाचं रक्त ठीक निघालं. तार्मोला जेलऐवजी इंजेक्शन लिहून दिलं. कुल्ल्यात तेलकट औषध हळूहळू सोडायचं आणि अर्धा तास पेशंटला समोर बसवायचं. तेल फुप्फुसात गेलं तर खोकल्याची उबळ येते, दम लागतो. एरिकाने ते तार्मोला केंद्रातल्या दुसऱ्या नर्सकडून टोचवलं. स्वतः टोचायचं तिच्याने होईना.

ती त्याचं मनगट धरून शेजारी बसली. तो खोकला.

"तार्मो!"

"अगं, घसा साफ केला नुसता."

तिने त्याचं मनगट सोडलं नाही.