कठड्यांच्या आत

मित्रांनो, मी सांगलीतल्या एका दवाखान्यातली जुनी लोखंडी खाट आहे. माझा पांढरा रंग कोपऱ्याकोपऱ्यांतून उडाला आहे. डोक्याकडची बाजू वर करायचा दांडा फिरवला की मी कुरकुरते, आणि पायाकडचं एक चाक अडकून बसलं आहे. दोन्ही बाजूंचे कठडे मात्र अजून पक्के आहेत.

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. नळ्या कापल्या, वाकवल्या, वेल्डिंगच्या ठिणग्या उडाल्या आणि मी उभी राहिले. टेम्पोतून इथे आले तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी कठडा वर-खाली करून पाहिला. म्हणाले, "आता पेशंट पडायची भीती नाही." त्या शब्दांनी मी किती फुलून गेले होते! पाय मोडलेली मुलं, तापानं बरळणारी म्हातारी माणसं, सगळ्यांना मी राखलं. कठडे म्हणजे माझा दागिना, असंच मला वाटायचं.

मग एका उन्हाळ्यात पद्मावतीबाई आल्या.

सांगलीजवळच्या एका गावातलं हे जैन शेतकऱ्याचं घर. गच्चीवर शेवया वाळत घालून उतरताना शिडीवरून त्यांचा पाय निसटला आणि डोकं फरशीवर आपटलं. मेंदूला मार लागला. ऑपरेशन झालं, जीव वाचला. त्यांना माझ्यावर आणून निजवलं तेव्हा त्यांचे मालक भूपालअण्णा आणि लेक श्रद्धा दोघंही त्या कधी डोळे उघडतात याची वाट बघत होती.

त्यांनी डोळे उघडले. बोलल्याही. पण काय बोलल्या?

"मला हितं कुणी कोंडलंय? सोडा मला. म्हशीची धार काढायची हाय."

अण्णा पुढे वाकले. "पद्मा, मी कोण सांग बघू?"

त्या घाबरून मागे सरल्या. "ह्या माणसाला भाईर काढा! मी न्हाई वळखत ह्याला."

अण्णांचा चेहरा मला दिसला नाही. माझ्या कठड्यावरची त्यांची मूठ तेवढी कळली. मग ती सुटली आणि ते बाहेर गेले.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. पद्मावतीबाई नाकातली अन्नाची नळी उपसून काढत. कठड्यावर पाय टाकून उतरायला बघत. पुन्हा पडल्या असत्या तर सगळं संपलंच असतं, म्हणून त्यांचे हात सुती पट्ट्यांनी माझ्या कठड्यांना बांधले. त्या दिवसभर मनगटं ओढायच्या. प्रत्येक ओढीसरशी मी हलायचे, पण मला त्यांना सोडवता येत नव्हतं. "देवा, मी काय केलंय रं?" असं त्या विचारायच्या. ज्या कठड्यांचा मला अभिमान होता, ते आता मला पिंजऱ्याच्या गजांसारखे वाटू लागले.

भेटायला येणारा जो तो तेच विचारायचा. "मला वळखलं का? माझं नाव सांग. आज वार कोणता?" उत्तर आलं नाही की माणसं एकमेकांकडे बघायची. पद्मावतीबाईंना ते बघणं बरोबर कळायचं. त्या तोंड भिंतीकडे वळवायच्या.

शेवटी एकदा श्रद्धा रडत म्हणाली, "सिस्टर, आई येडी झाली का हो?"

सोनिया सिस्टर म्हणाल्या, "नाही गं. मेंदूला मार लागलाय, त्यानं गोंधळ होतो. तुम्ही तिची परीक्षा घेऊ नका. विचारू नका, सांगा. परत परत सांगा. आणि तुमच्यापैकी कुणी सतत हात धरून बसणार असेल, तर डॉक्टरांना विचारून मी पट्ट्या सोडते."

डॉक्टर हो म्हणाले. पट्ट्या सुटल्या. अण्णा स्टूल ओढून बसले, ते बसलेच. "मी भूपाल. तू पडलीस, म्हणून दवाखान्यात हायीस. मी हितंच हाय." थोड्या वेळानं त्या पुन्हा "तुमी कोन?" विचारायच्या, अण्णा पुन्हा तेच सांगायचे. आवाज चढू द्यायचे नाहीत. कधी त्या त्यांच्या हातावर नखं रुतवायच्या. ते हात काढून घ्यायचे नाहीत.

मग नवं संकट आलं. डॉक्टरांनी नळी काढली. म्हणाले, "तोंडानं खाल्लं तर नळी नको." पण बाई तोंडच उघडेनात. श्रद्धानं पेजेचा चमचा पुढे केला की त्या ओठ घट्ट मिटायच्या.

"आई, थोडं तरी खा."

"दिवस बुडालाय. आता कसं खाऊ?"

सूर्य मावळल्यावर जेवायचं नाही, हा त्यांचा जन्मभराचा नेम. डोक्यातलं बाकी सगळं विस्कटलं, पण तो नेम जागेवर होता. आणि मी होते भिंतीच्या कोपऱ्यात. तिथे ऊन कधी येतच नसे. भर दुपारीही वर ट्यूबलाइट जळायची. त्यांच्यासाठी कायमची सांज झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा नळी घालायचं ठरलं. म्हणजे पुन्हा पट्ट्या. अण्णा उठले आणि सिस्टरांना म्हणाले, "आवं, हिची खाट खिडकीला घ्या की. तिला ऊन दिसू द्या."

खिडकीजवळची जागा रिकामी होती. पण माझं चाक हलेना. अण्णा आणि श्रद्धानं माझी ती बाजू उचलून धरली, बाकीच्यांनी ढकललं. फरशीवर ओरखडे उठले. मी जन्मात एवढी कधी ओरडले नसेन.

चादरीवर ऊन पडलं. पद्मावतीबाईंनी त्यात हात धरला, पालथा केला, उताणा केला. बराच वेळ बघत राहिल्या.

"आजून लय ऊन हाय की," त्या म्हणाल्या, आणि तोंड उघडलं.

अण्णा पेज भरवत होते. वाटी संपत आली तेव्हा पद्मावतीबाईंनी अण्णांकडे नीट पाहिलं.

"तुमी चांगलं मानूस दिसताय. घरी कोण कोण असतं?"

श्रद्धानं पदर तोंडाला लावला. अण्णा म्हणाले, "बायको हाय. एक लेक हाय."

"बायको बरी हाय न्हवं?"

"पडली होती. आता जेवाय लागलीया."

"मग हुईल बरी," पद्मावतीबाई म्हणाल्या. "तिला सोडून जाऊ नगा."

"न्हाई जात," अण्णा म्हणाले.

पुढे त्या चाकाच्या खुर्चीवर बसून घरी गेल्या. लेकीला ओळखू लागल्या होत्या. अण्णांना कधी नावानं हाक मारायच्या, तर कधी "पाव्हणं" म्हणायच्या. घरी गेल्यावर काय झालं, ते मला कळायचा मार्ग नाही.

आता माझ्यावर दुसरं माणूस आहे. त्याचेही हात बांधलेले आहेत आणि स्टूल रिकामं आहे. मित्रांनो, तुमच्या घरचं कुणी असं गोंधळलेलं पडलं असेल, तर त्याची परीक्षा घेऊ नका. आपलं नाव सांगा आणि जवळ बसा. माझा कठडा उघडायची कळ बाहेरच्या बाजूला आहे. आत निजलेल्याचा हात तिथवर पोचत नाही.