न थांबलेली गाडी

गोपीनाथ दोनदा नापास झाला होता, आणि तेही एका रबरी बाहुलीपायी. बावीस वर्षं ॲम्ब्युलन्स हाकलेला माणूस! कल्याणची बारा तासांची पाळी उरकून तो तसाच ठाण्याला आलेला. कोपरीतल्या ट्रेनिंगच्या हॉलचे तीन जिने चढून गुडघे बोलायला लागले होते. आता ही तिसरी आणि शेवटची संधी. नाहीतर ॲम्ब्युलन्स सुटणार आणि शववाहिका हातात येणार, असं साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं.

परीक्षा तशी सोपी. खुर्च्यांची गाडी. पुढे गोपीनाथ, मागे त्याची जोडीदार संचिता, आणि आईचं सोंग घेतलेली नर्स मालन मांडीवर बाहुली घेऊन. मूल श्वास घेत नाही असं संचिता ओरडली की ड्रायव्हरने काय करायचं? गोपीनाथ दोन्ही वेळा नसलेल्या ॲक्सिलरेटरवर पाय दाबून बसला. अहो, पाय ऐकतच नव्हता. ‘गाडी थांबली की पेशंट संपला’, हे त्याला उस्तादाने शिकवलेलं, आणि जुन्या ड्रायव्हरांचा सगळा तोरा त्यावरच.

"काका, ब्रेक मारा ना प्लीज," संचिता कुजबुजली. "मला नवा पार्टनर नकोय."

शिकवणाऱ्या शुभदा मॅडमही थकलेल्या. सकाळपासूनची ही नववी जोडी. "गोपीनाथ, मुलांचा बहुतेक वेळा हृदयाच्या आधी श्वास अडतो. हलत्या गाडीत संचिता एकटी काय काय करणार? गाडी बाजूला घ्या, मूल आईकडून घेऊन सपाट झोपवा, दोघं मिळून श्वास द्या. मग पळवा हवी तेवढी."

"आईच्या मांडीवरून लेकरू ओढून घ्यायचं?"

"हो. ती शिव्या देईल. खायच्या."

तिसऱ्यांदा संचिता ओरडली आणि गोपीनाथने ब्रेक मारला. मालनकडून बाहुली घेतली, बाकावर झोपवली, मान नीट केली, इवलासा मास्क नाकातोंडावर घट्ट धरला. संचिताने मास्कला जोडलेला हवेचा फुगा दाबला. बाहुलीची छाती वर आली.

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. गोपीनाथ मात्र त्या छातीकडे बघतच राहिला. सहा वर्षांपूर्वी खडवलीच्या नदीतून बुडताना काढलेली, धाकू नावाच्या शेतकऱ्याची चार वर्षांची पोर त्याने ठाण्याला आणली होती. पोर आईच्या मांडीवर, मागे मदतनीस एकटा, आणि हा पठ्ठ्या एका सिग्नललाही थांबला नव्हता. पोर गेली. तरी धाकूने त्याचे पाय धरले होते, आणि तेव्हापासून दरवर्षी तो नव्या तांदळाची पिशवी पाठवायचा.

चहाच्या वेळी गोपीनाथने विचारलंच. "मॅडम, तेव्हा थांबलो असतो तर?"

मॅडमनी कप खाली ठेवला. "सांगता येत नाही. कदाचित वाचली असती." खोटं बोलायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

सर्टिफिकेट खिशात कोंबून तो जिन्यावरच बसला आणि धाकूला फोन लावला. एकदाचं सांगून टाकायचं, काय होईल ते होवो.

"धाकूदादा, त्या दिवसाचं जरा बोलायचं होतं."

"बोला की! आताच तुमचं नाव निघालेलं. पाव्हणे आलेत, त्यांना तेच सांगत होतो. देवमाणूस! खडवली ते ठाणा, माझ्या पोरीसाठी गाडी कुठं म्हणून थांबवली नाही." फोनमध्ये मागे कोणीतरी हळहळलं. "काय म्हणत होतात?"

गोपीनाथने सर्टिफिकेट खिशात आणखी आत ढकललं.

"काही नाही रे," तो म्हणाला. "तांदूळ पोचले, तेवढंच सांगायचं होतं."